आधी पारखा, मग टोचा

दशलक्षण पर्वात, उत्तम सत्याच्या दिवशी, आमच्या बस्तीच्या सभागृहात महिला मंडळानं माझं बोलणं ठेवलं होतं. विषय दिला होता, 'स्त्रियांचं आरोग्य'. या विषयावर काय बोलायचं असतं ते बोलणारीला आणि ऐकणारींना आधीच पाठ असतं : नाचणी खा, खजूर खा, रोज चाला, चिडचिड करू नका. मी ते बोलले नाही. मी म्हणाले, ओटीपोट दुखतं म्हणून बायकांना जी इंजेक्शनं टोचली जातात, त्यांचा खरोखर गुण येतो का याची बायकांवरच नीट चाचणी व्हायला हवी. आणि उद्या आपल्या भागात कुणी अशी चाचणी रीतसर लावली, तर पहिलं नाव मी माझं घालीन.

सभागृहात नुसते पंखे ऐकू येत होते. मग आक्षेप सुरू झाले, ते बाहेर चपला घालेपर्यंत संपले नाहीत. एक म्हणाली, "बाया काय उंदीर आहेत काय गं, चाचणी करायला?" दुसरीनं विचारलं, "असली औषधं हिंसेतून तयार होतात, ती तू धर्माच्या जागेत बसून सांगतेस?" आमच्या आक्का, वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात जपाची माळ, त्या म्हणाल्या, "असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, भोगून संपवायचा. आम्ही नाही भोगलं?" आणि मंडळाच्या चिटणीसबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर देतात म्हणजे बघूनच देत असतील ना? आपण कोण परीक्षा घेणार?"

हे आक्षेप पुरुषांनी घेतले असते तर मी तिथंच दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण बोलल्या त्या सगळ्या माझ्याच. त्यातल्या निदान दोघी स्वतः कंबरेला पट्टा बांधून बसल्या होत्या. म्हणून उत्तर देणं मला भाग आहे. त्या दिवशी वेळ मिळाला नाही, ते इथं देते.

आधी माझं सांगते, कारण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्षभरानं माझं दुखणं सुरू झालं. डाव्या बाजूला, मांडी आणि पोट जुळतं तिथून चार बोटं वर. पाळीत दुखायचं, पाळी नसतानाही दुखायचं. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं, मी विसाव्या मिनिटाला मांडी मोडून उठायची आणि सासूबाई बघितलं न बघितल्यासारखं करायच्या. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा, आणि तो का येतो हे त्यांना सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. तीनदा सोनोग्राफी केली. तिन्ही वेळा 'नॉर्मल'. रिपोर्ट नॉर्मल आला की घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात आणि बाई मात्र एकटी पडते. आता दुखतं म्हणायचीसुद्धा सोय राहत नाही.

मग एका खासगी दवाखान्यात इंजेक्शन सुचवलं. कागद आला, वर इंग्रजी, खाली कन्नड. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. इंग्रजी येतं, पण कागद माझ्या हातात आलाच नाही. तो ह्यांच्याकडे गेला, ह्यांनी सही केली. पोट माझं, सुई माझ्या पोटात, आणि संमती ह्यांची! पाच महिन्यांत तीन इंजेक्शनं झाली. पहिल्यानं तीन आठवडे बरं वाटलं. दुसऱ्यानं दहा दिवस. तिसऱ्यानं काहीच नाही, उलट टोचलं तिथली कातडी पांढुरकी होऊन खाली बसली, अजून बोट लावलं की खळगा लागतो. आत काय होतं ते मला दीड वर्षानं कळलं, दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल मागवली तेव्हा. जागा बधिर करणारं लिग्नोकेन आणि सोबत स्टेरॉइड.

पहिल्या डॉक्टरांना मी एकच गोष्ट विचारली होती. आजवर किती जणींना हे दिलंत आणि सहा महिन्यांनी त्यातल्या किती जणी बऱ्या होत्या? ते म्हणाले, "अहो, प्रत्येकीचं शरीर वेगळं. कुणाला गुण येतो, कुणाला नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडे आकडा नव्हता, कारण तो कुणी ठेवलाच नव्हता. माझं भांडण त्या डॉक्टरांशी कमी आणि त्या न ठेवलेल्या आकड्याशी जास्त आहे.

आता हे दुखणं म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. ओटीपोटात सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकून राहिलेलं दुखणं, त्याला डॉक्टर जुनाट ओटीपोटदुखी म्हणतात. पाहणीनुसार आकडा बदलतो, पण काही देशांत चार बायकांमागे एकीला ते आढळलं आहे. कारणं अनेक असतात. कुणाला एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं. कुणाला मूत्राशयाचा त्रास, कुणाला आतड्याचा. कुणाच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात, कुणाची एखादी नस दबलेली असते, कुणाच्या पोटाच्या भिंतीतच, सिझेरियनच्या वणाशेजारी, दुखरा गाठीसारखा बिंदू असतो. आणि कितीतरी जणींत दुर्बिणीनं बघूनही काही सापडत नाही.

भिंतीतलं दुखणं ओळखायची एक साधी खूण आहे. बाईनं उताणं झोपून डोकं आणि खांदे उचलायचे, डॉक्टरांनी दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवायचं. दुखणं वाढलं तर ते बहुधा भिंतीतलं, कमी झालं तर आतल्या अवयवाचं. दहा सेकंदांचं काम, खर्च शून्य. माझ्यावर ही तपासणी केली ती चौथ्या डॉक्टरीणबाईंनी. तोपर्यंत तीन सोनोग्राफी आणि तीन इंजेक्शनं होऊन गेली होती.

कारणं अनेक, तशी इंजेक्शनंही अनेक. दुखऱ्या बिंदूत लिग्नोकेन देतात. नसेभोवती बधिर करणारं औषध, कधी स्टेरॉइड मिसळून देतात. ओटीपोटाच्या तळाच्या आवळलेल्या स्नायूंत बोटुलिनम, म्हणजे सुरकुत्या घालवायला नट्या घेतात तेच बोटॉक्स, देतात. एंडोमेट्रिओसिसला महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं हार्मोनचं इंजेक्शन असतं, त्यातलं ल्युप्रोलाइड पाळी थांबवून दुखणं कमी करतं, पण लांबवलं तर हाडं विरळ करतं. बाईला मात्र सगळ्यांना मिळून एकच शब्द सांगितला जातो, 'इंजेक्शन'. भाजी आणायला गेलो तर आपण विचारतो, गवार की घेवडा? इथं विचारत नाही.

यातल्या काहींच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि त्या काय सांगतात हे प्रत्येक बाईला माहीत असायला हवं.

ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांहून जास्त दुखणं असलेल्या, स्नायू आवळलेल्या ६० बायका घेतल्या. चिठ्ठी टाकावी तसं अर्ध्या जणींना बोटुलिनमची ८० युनिट्स दिली, अर्ध्या जणींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे बाईला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. मग सहा महिने हिशेब ठेवला. संबंधाच्या वेळचं दुखणं शंभरातल्या मापानं बोटुलिनमवाल्या गटात ६६ वरून १२ वर आलं. वा! म्हणावं असंच ना? पण पाणी मिळालेल्या गटातही ते ६४ वरून २७ वर आलं. पाळी नसतानाचं दुखणं मात्र फक्त औषधाच्या गटातच ठळकपणे उतरलं. दोन्ही गट समोरासमोर ठेवले तेव्हा दुखण्यातला फरक खात्रीनं सांगण्याइतका निघाला नाही. पुढे अमेरिकेत बोटुलिनमचा डोस २०० युनिट्सपर्यंत वाढवून साधारण तेवढ्याच बायकांवर चाचणी झाली. २०१९ मध्ये तिचा निष्कर्ष आला, की दोन आठवड्यांनी पाणी आणि औषध यांत फरक दिसला नाही.

आता स्टेरॉइड. फ्रान्समध्ये गुह्यांगाच्या नसेच्या दुखण्यावर २०१ रुग्णांची चाचणी झाली, त्यात बायका होत्या, पुरुषही होते. बधिर करणाऱ्या औषधात स्टेरॉइड मिसळल्यानं जास्त गुण येतो का, हा प्रश्न होता. २०१७ मध्ये उत्तर छापून आलं, स्टेरॉइडनं भर पडत नाही. माझं दुखणं त्या नसेचं नव्हतं, भिंतीतलं होतं, त्यामुळे ते उत्तर मला जसंच्या तसं लागू करता येत नाही हे मला कळतं. पण मिसळण्याआधी 'याचा उपयोग किती?' असं विचारायची रीत तरी आहे, हे त्यातून दिसतं. माझ्या पोटावरचा खळगा बघितला की मला फ्रान्समधला तो कागद आठवतो.

सगळंच निराशेचं आहे असंही नाही. ब्राझीलमध्ये पोटाच्या भिंतीतल्या दुखऱ्या बिंदूंसाठी ३० बायकांवर चाचणी झाली. काहींना आठवड्याला एक असं चार आठवडे नुसतं लिग्नोकेन टोचलं, काहींची ती जागा फिजिओथेरपीच्या पद्धतीनं दाबून धरली. टोचलेल्यांना जास्त आराम पडला आणि तो तीन महिन्यांनीही टिकून होता. म्हणजे योग्य बाईला, योग्य जागी, साधं आणि स्वस्त इंजेक्शन उपयोगी पडू शकतं. पण बायका होत्या ३०. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला याहून जास्त येतात. एवढ्या आधारावर जगभरातल्या बायकांनी विसंबून राहायचं का? मोठ्या चाचण्या कुठं आहेत? माझी मागणी आहे ती हीच.

आता एकेकीला उत्तर देते.

"बाया काय उंदीर आहेत काय?" बाई, तू हे ज्या रागानं म्हणालीस तो राग खरा आहे, आणि त्याला इतिहासही आहे. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेट-एन नावाचं, दोन महिन्यांनी एकदा घ्यायचं संततिनियमनाचं इंजेक्शन बायकांना दिलं जात होतं. ती चाचणी आहे हे त्या गरीब बायकांना सांगितलंच नव्हतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या बायका तिथं पोचल्या, त्यांनी ते उघड्यावर आणलं, आणि १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. माझं आजोळ हैदराबादचं, तिथल्या मराठी घरांत हा विषय मी लहानपणी कानांनी ऐकलाय. म्हणून मला कुणी शिकवू नये की चाचणीच्या नावाखाली बाईचं काय होऊ शकतं.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानं मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावं असं ठरवलं. हेतू चांगला होता, पोटातल्या बाळाला धोका नको. झालं काय? औषधं पुरुषांवर पारखली गेली आणि बायकांना तशीच दिली गेली. ही चूक सुधारायला १९९३ साल उजाडलं. म्हणजे बाईला न सांगता चाचणीत ओढणं हा एक अन्याय, आणि 'जप गं बाई' म्हणत तिला चाचणीबाहेर ठेवणं हा दुसरा. पहिल्या अन्यायावर दुसरा हा उतारा होऊ शकत नाही. मला जे तीन वेळा टोचलं गेलं, ती चाचणीच होती की! फक्त तिची वही नव्हती, माझी संमती नव्हती, आणि माझ्या अनुभवातून पुढच्या बाईला शिकायला काही मिळालं नाही. उंदराची गत झाली ती तेव्हा झाली. नाव, कारण, धोका सांगून, माझ्या भाषेत विचारून कुणी मला चाचणीत घेतलं, तर मी उंदीर राहत नाही, मी साक्षीदार होते.

"ही हिंसेची औषधं." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो खरा आहे, आणि तू समजतेस त्याहून जास्त खरा आहे. बोटुलिनमचं 'युनिट' हे मापच मुळात असं ठरलं, की ज्या मात्रेनं टोचलेल्या उंदरांपैकी निम्मे मरतात ती मात्रा म्हणजे एक युनिट. वर्षानुवर्षं प्रत्येक नवा साठा असाच उंदरांवर मोजला जाई. २०११ मध्ये एका कंपनीची उंदरांऐवजी पेशींवर मोजायची पद्धत अमेरिकेत मान्य झाली, तेव्हा कुठं तो आकडा कमी व्हायची वाट मोकळी झाली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बोटुलिनम घ्यायचं की नाही हे जिनं तिनं आपल्या व्रताला विचारून ठरवावं. मी घेणार नाही, हे माझं ठरलेलं आहे. लिग्नोकेनच्या चाचणीत मी जाईन, बोटुलिनमच्या नाही.

पण आपल्या शास्त्रात अनर्थदंड नावाची एक गोष्ट आहे ना? ज्या हिंसेचा काही उपयोगच नाही, प्रयोजनच नाही, ती निरर्थक हिंसा टाळायचं श्रावकाचं व्रत. आता विचार करा. प्राणी मेले, औषध तयार झालं, आणि पुढे ते बाईला खरंच उपयोगी पडतं का हे कुणी मोजलंच नाही. नुसतं पाणी टोचूनही जेवढं बरं वाटलं असतं तेवढंच वाटत असेल, तर ते जीव कशासाठी गेले? याला अनर्थदंड म्हणायचं नाही तर कशाला? निष्काळजीपणानं वागणं, प्रमादचर्या, हीसुद्धा त्यातच मोडते. न पारखता औषध देणं ही प्रमादचर्या आहे. अहिंसेचं नाव घेऊन चाचणी नाकारणाऱ्या बाईनं न पारखलेलं इंजेक्शनही नाकारायला हवं. ते तर कुणी नाकारताना मला दिसत नाही.

"असाता वेदनीयाचा उदय." आक्का, तुमच्या पायाशी बसून मी भक्तामर शिकले, म्हणून पाया पडून विचारते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या अण्णांना रात्री मूतखड्याची कळ आली. अर्ध्या तासात गाडी मिरजेच्या वाटेला लागली होती. तेव्हा कुणी म्हणालं का, अण्णा, कर्माचा उदय आहे, भोगून संपवा? कर्म काय बाईच्या ओटीपोटातच तेवढं उदयाला येतं? दान चार प्रकारचं सांगितलंय, त्यात औषधदान आहे. दुखणं भोगायचंच असतं, तर आचार्यांनी औषधदानाला पुण्य कशाला म्हटलं असतं? आणि समताभावानं सोसणं म्हणजे तोंड मिटून सोसणं नव्हे. सोसण्याची ताकद असणं ही साधना झाली. बाईला बोलू न देणं ही नुसती घरची सोय झाली. तिचं दुखणं ऐकलं तर स्वयंपाक कोण करणार, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

आणि न बोलल्याचा शेवट काय होतो ते बीडनं दाखवलंय. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांहून जास्त बायका तपासल्या, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, खाडा झाला तर मजुरी बुडते, मग पिशवीच काढून टाका. आपल्या भागातही 'पिशवी काढली का?' हा प्रश्न लग्नातल्या पंगतीत चालतो. ज्या दुखण्याचं मूळ स्नायूत आहे, नसेत आहे, ते पिशवी काढून जाणार कसं? छोट्या, परत फिरवता येणाऱ्या उपचारांची पारख झाली नाही, की परत न फिरणारा उपचार स्वस्त वाटायला लागतो.

"डॉक्टर बघूनच देत असतील." चिटणीसबाई, डॉक्टर बघून देतात, मनापासून देतात, आणि तरी चुकतात. इंग्लंड-स्कॉटलंडकडची गोष्ट घ्या. कारण न सापडलेल्या ओटीपोटदुखीला गॅबापेन्टिन नावाची गोळी डॉक्टर वर्षानुवर्षं देत होते. मग तिथल्या ३९ रुग्णालयांनी मिळून ३०६ बायकांवर तिची खरी पारख केली. निम्म्या जणींना औषध, निम्म्या जणींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. २०२० मध्ये निकाल लागला. दुखण्यात फरक नाही. चक्कर, गुंगी, अंधुक दिसणं मात्र औषधवाल्यांत जास्त. किती बायका तोवर झोपाळलेल्या अवस्थेत मुलांचे डबे भरत राहिल्या असतील! त्यांना वाचवलं ते कुणा एका हुशार डॉक्टरनं नाही, त्या ३०६ बायकांनी.

"आपण कोण परीक्षा घेणार?" अहो, समंतभद्राचार्यांनी आप्तमीमांसा लिहिली ती कशासाठी? प्रत्यक्ष भगवंतांना आप्त का मानायचं, याचीच परीक्षा केली त्यांनी. ज्यांच्या परंपरेत देवालासुद्धा तपासून मग नमस्कार केला जातो, त्यांनी दोन मिलिलिटरच्या बाटलीला न तपासता हात जोडावेत?

पाण्याच्या इंजेक्शनाचं अनेकींना वाईट वाटतं. "म्हणजे फसवणूकच की!" नाही. आपलं दुखणं ऊन-सावलीसारखं आहे, वाढतं, उतरतं. बाई दवाखान्यात जाते ती बहुधा ते टोकाला गेलं की. त्यानंतर ते थोडं उतरणारच, काही केलं तरी आणि नाही केलं तरी. शिवाय कुणीतरी आपलं ऐकलं, हात लावून तपासलं, यानंही आवळलेलं शरीर सैल होतं. हे सगळं वजा केल्याशिवाय औषधाचा वाटा कळत नाही. तुमच्या वाट्याला पाणी येऊ शकतं हे चाचणीत आधी सांगतात, विचारून सही घेतात. न सांगता निरुपयोगी औषध विकणं ही फसवणूक. सांगून पाणी देणं ही नाही.

मग आपण करायचं काय? माझं म्हणणं सोपं आहे.

कुणी इंजेक्शन सुचवलं तर औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून मागा. माझं दुखणं भिंतीतलं, स्नायूतलं, नसेतलं की आतलं, हे कशावरून ठरवलंत ते विचारा. हे औषध या दुखण्यासाठी बायकांवर पारखलंय का ते विचारा. बोटुलिनमला बायकांच्या जुनाट ओटीपोटदुखीसाठी म्हणून मान्यता मिळालेली नाही, ते परवान्याबाहेरच्या वापरात मोडतं. डॉक्टर तसं देऊ शकतात, पण तुम्हाला सांगून. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनं साखर चढते, ते आधी बोला. गुण आला नाही तर किती वेळा टोचून थांबायचं, हेही आधीच ठरवा. मला ते कुणी सांगितलं असतं तर तिसरं इंजेक्शन झालं नसतं.

संमती तुमची. सज्ञान बाईच्या उपचाराला तिचीच सही लागते, नवऱ्याची नाही. आणि सही करायचा कागद तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत हवा. आपण सीमाभागातली माणसं. भाषेसाठी आपण मोर्चे काढले, पाट्यांवरून भांडलो. पोटात सुई जाते त्या कागदाच्या भाषेवरून एकदा तरी भांडलो का?

कुणी चाचणीत बोलावलं तर तिचा सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. देशातली ही नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना नोंदणी सक्तीची झाली आहे. एथिक्स कमिटीची परवानगी दाखवा म्हणा. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, मधेच बाहेर पडायचा हक्क असतो. हे सगळं नीट असेल तर घाबरू नका, जा. आणि चाचणी करणाऱ्यांना माझं सांगणं : दुखणं शून्य ते दहात मोजता तेवढ्यानं भागत नाही. बाई खाली मांडी घालून किती वेळ बसू शकली, घागर उचलू शकली का, नवऱ्याजवळ भीतीशिवाय जाऊ शकली का, हे विचारा. दोन आठवड्यांनी विचारून थांबू नका, वर्षभरानं परत विचारा. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईलाही विचारा, नुसतं शहरातल्या शिकलेल्या बाईला नको.

आक्कांना हे अजून पटलेलं नाही. परवा देवदर्शनाला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तू लिही, पण मी तुझ्या चाचणीला यायची नाही." मी म्हटलं, "नका येऊ आक्का, पण येणाऱ्या सुनेला अडवू नका." त्या काही बोलल्या नाहीत. तेवढं मला आज पुरे आहे.

चाचणी येईल तेव्हा येईल. तोवर एक काम आपल्या हातात आहे. घरातली एक दोनशे पानी वही घ्या. पाळीची तारीख, दुखलं किती, कुठं, काय करताना, काय घेतलं, किती दिवस बरं वाटलं, रोज एक ओळ. दुधाचा हिशेब ठेवता ना, तसाच. ज्या दिवशी डॉक्टर म्हणतील "प्रत्येकीचं शरीर वेगळं", त्या दिवशी ती वही टेबलावर ठेवा आणि म्हणा, हे माझं, आता तुमचं दाखवा. मंडळाच्या पुढच्या बैठकीला मी माझी वही घेऊन येणार आहे. चिटणीसबाईंनी विषयपत्रिकेत अजून 'स्त्रियांचं आरोग्य' एवढंच लिहिलंय. मी त्यांना सांगितलंय, 'ओटीपोटदुखी' असं स्पष्ट लिहा.